खापर एकाच गुणसूत्रावर नको: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या अंकासाठी आलेल्या पत्रांचा विषय एकच होता: डाउन सिंड्रोम (२१ क्रमांकाच्या गुणसूत्राचा मजकूर दोनाऐवजी तीन प्रतींत असल्यानं येणारी स्थिती) आणि मेंदूचा विकास. पत्रं आईवडिलांची, एका आजीची, एका बहिणीची आणि एका निवासी डॉक्टरची. कुणीतरी सांगितलेलं एक वाक्य त्यांत पुन्हा पुन्हा येतं: "डाउन आहे ना, म्हणून असं होतंय." बाल-न्यूरॉलॉजिस्टचं, म्हणजे मुलांच्या मेंदू आणि नसांच्या डॉक्टरचं, निम्मं काम हे वाक्य तपासून पाहण्याचं असतं. खाली औषधांची नावं आणि मात्रा आल्या आहेत त्या डॉक्टरांशी नीट बोलता यावं म्हणून. त्यावरून घरी काहीही सुरू करू नका आणि चालू असलेलं बंदही करू नका.

प्रश्न: आमचा मुलगा सात महिन्यांचा आहे. झोपेतून उठला की मान पुढे टाकतो, दोन्ही हात झटकन बाजूला जातात, सेकंदभर तसाच राहतो आणि सैल पडतो. थोड्या वेळानं पुन्हा तेच. असं दहा-बारा वेळा होतं, मग रडतो. पोटात कळ येत असेल किंवा दचकत असेल, या मुलांच्या हालचाली अशाच असतात, असं सांगण्यात आलं. गेले पंधरा दिवस तो आमच्याकडे बघून हसतही नाही.

उत्तर: पुढच्या तारखेची वाट पाहू नका. हे पत्र छापून येण्याआधीच आम्ही तुम्हाला तसं कळवलं आहे. इथे उत्तर देतो आहोत ते इतर पालकांसाठी.

हे वर्णन इन्फंटाइल स्पॅझम्सचं, म्हणजे बाळांतल्या एका प्रकारच्या फिटांचं आहे. ते नाहीत अशी ईईजीवरून (मेंदूतल्या विद्युत लहरींच्या आलेखावरून) खात्री होईपर्यंत तेच आहेत असं धरून चालायचं. एरवी दहा हजार बाळांत दोन ते पाच जणांना होणारा हा आजार डाउन सिंड्रोम असलेल्या बाळांत शंभरात साधारण दोन ते पाच जणांना होतो. सुरुवात बहुतेकदा पहिल्या वर्षातच, चार ते आठ महिन्यांच्या आसपास.

दचकण्याला काहीतरी निमित्त लागतं, आवाज किंवा धक्का, आणि ते एकदाच होतं. नवजात बाळाचं हात फेकून दचकणं चार ते सहा महिन्यांत मावळतं. पोटदुखीत बाळ आधी रडतं, पाय पोटाशी घेतं आणि बराच वेळ कळवळतं. स्पॅझम एक-दोन सेकंदांचा असतो, पाच ते तीस सेकंदांनी पुन्हा येतो, अशी माळच्या माळ लागते, आणि ती बहुधा जाग येताना. रडणं येतं ते माळ संपताना, म्हणून पोटदुखीचा समज होतो. हसू हरवणं, नजर न देणं, हे लक्षण तर हालचालींपेक्षाही महत्त्वाचं.

मोबाइलवर व्हिडिओ घ्या: पांघरूण काढून, चेहरा आणि चारही हातपाय दिसतील असा, उजेडात, निदान दोन-तीन मिनिटं सलग. एका झटक्याचा तुकडा पाठवला तर डॉक्टरही फसतात, माळ दिसली पाहिजे. ईईजीत झोप आणि झोपेतून उठणं, दोन्ही आलं पाहिजे. जागेपणीचा अर्ध्या तासाचा ईईजी चांगला आला म्हणून स्पॅझम्स नाहीत असं म्हणता येत नाही. ही चूक फार वेळा होते.

उपचारात तीन औषधं मुख्य आहेत: तोंडातून मोठ्या मात्रेत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, एसीटीएचची (शरीराला स्वतःचं स्टेरॉइड बनवायला लावणाऱ्या संप्रेरकाची) इंजेक्शनं आणि व्हिगाबॅट्रिन. डाउन सिंड्रोममध्ये सहसा पहिल्या दोनांपैकी एक निवडतात. प्रेडनिसोलोनच्या एका प्रचलित पद्धतीत दिवसाला ४० ते ६० मिलिग्रॅम, दोन आठवडे, आणि पुढे हळूहळू कमी, असा क्रम असतो. सात-आठ किलोच्या बाळाला एवढी मात्रा पाहून केमिस्टही दचकतो, पण मात्रा मुद्दामच मोठी असते. या काळात रक्तदाब आणि साखर वरचेवर तपासावी लागते. हृदयाला छिद्र असलेल्या बाळात तर उपचाराआधी हृदयतज्ज्ञांशी बोलणं हवंच. ताप आला तर त्याच दिवशी दाखवायचं, जिवंत विषाणूंच्या लसी पुढे ढकलायच्या आणि औषध एकदम बंद करायचं नाही, कारण शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड तोवर थंडावलेलं असतं.

दोन आठवड्यांनी ईईजी पुन्हा. "निम्म्यावर आले" हे इथे यश नव्हे. झटके पूर्ण थांबले पाहिजेत आणि ईईजीतला गोंधळही निवळला पाहिजे, नाहीतर दुसऱ्या औषधाकडे वळायचं. इतर कारणांनी होणाऱ्या स्पॅझम्सपेक्षा डाउन सिंड्रोममधले औषधांना जास्त चांगले दबतात, अट एवढीच की उशीर नको.

प्रश्न: मुलीच्या गुणसूत्र तपासणीत "४६, एक्सएक्स, डर(१४;२१), +२१" असं लिहून आलंय. ४६ म्हणजे संख्या तर बरोबर आहे. मग तिला डाउन सिंड्रोम नाही, की सौम्य आहे? आम्हाला दुसरं मूल हवं आहे.

उत्तर: ४६ हा आकडा इथे फसवा आहे. तिच्या पेशींत २१ क्रमांकाची दोन गुणसूत्रं सुटी आहेत आणि तिसऱ्याचा लांब भाग १४ क्रमांकाच्या गुणसूत्राला चिकटलेला आहे. चिकटलेली जोडी मोजताना एकच धरली जाते, म्हणून बेरीज ४६ येते. २१ चा मजकूर मात्र तिप्पटच आहे. हा ट्रान्सलोकेशन प्रकार, डाउन सिंड्रोमच्या ३ ते ४ टक्के मुलांत दिसणारा. सुमारे ९५ टक्क्यांत तिसरं गुणसूत्र सुटं असतं, तर १ ते २ टक्के मोझेक असतात, म्हणजे काही पेशींत ४६ आणि काहींत ४७. ट्रान्सलोकेशन म्हणजे सौम्य, असं काही नाही. मोझेक प्रकारातही रक्तातली टक्केवारी पाहून मेंदूत किती पेशी तशा आहेत हे सांगता येत नाही.

आता तुम्हा दोघांची तपासणी करायची. कॅरियोटाइपच, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं पाहून केलेली तपासणी, मागा. मायक्रोअरे ही तपासणी महाग आणि नवी असली तरी गुणसूत्रांचं फक्त प्रमाण मोजते, आणि वाहकाचं, म्हणजे चिकटलेली जोडी असूनही स्वतः निरोगी असलेल्या पालकाचं, प्रमाण बरोबर असतं, जागा तेवढी बदललेली असते. त्यामुळे वाहक असलेल्या आईचा अहवाल मायक्रोअरेवर निर्दोष येईल. वाहकाच्या कॅरियोटाइपमध्ये संख्या ४५ येते आणि तब्येत ठणठणीत असते.

दोघांचेही अहवाल नेहमीसारखे आले तर पुढच्या वेळी धोका १ टक्का किंवा त्याहून कमी. आई वाहक असेल तर साधारण १० ते १५ टक्के. वडील वाहक असतील तर पुष्कळ कमी, १-२ टक्क्यांच्या आत-बाहेर. २१ ला २१ च चिकटलेलं असलेला पालक मात्र वेगळा: त्याच्या किंवा तिच्या जन्मणाऱ्या जवळपास प्रत्येक मुलाला डाउन सिंड्रोम असतो. पालकांपैकी कुणी वाहक निघालं तर त्यांच्या सख्ख्या भावंडांनाही कळवा. हा निरोप घराघरांत अडून राहतो.

गरोदरपणात आईच्या रक्तातल्या डीएनएवर होणारी चाचणी ही चाळणी आहे, निदान नव्हे. निदान १० ते १३ आठवड्यांत वारेच्या तुकड्यावरून किंवा १५ आठवड्यांनंतर गर्भजलावरून होतं.

प्रश्न: मुलगा २२ महिन्यांचा, रांगतो, धरून उभा राहतो, चालत नाही. वॉकर आणावा का?

उत्तर: नको. वॉकरमध्ये मूल चवड्यांवर ढकलत पुढे जातं. कंबर आणि पोटाचे स्नायू, जे याला हवे आहेत, ते तसेच बिनकामाचे राहतात. पडझड होते ती वेगळीच.

या मुलांचं अंग ढिलं असतं, सांधे सैल असतात आणि लहान मेंदूचा आकारही तुलनेनं कमी असतो. बहुतेक मुलं दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान चालू लागतात, त्यामुळे २२ महिने हा आकडा चिंतेचा नाही. थेरपिस्टबरोबर करायचं काम म्हणजे बसल्याचं उठणं, बाजूला सरकत चालणं, एका हाताच्या आधारानं पायरी चढणं. ट्रेडमिलचा प्रयोगही पाहण्यासारखा आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आधाराशिवाय ३० सेकंद बसू शकणाऱ्या बाळांना पालकांनी छोट्या ट्रेडमिलवर उभं धरलं: रोज ८ मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, वेग सेकंदाला सुमारे २० सेंटिमीटर. ही मुलं तुलनेतल्या गटापेक्षा सरासरी १०१ दिवस आधी स्वतंत्र चालली. मोठ्यांच्या जिमचं यंत्र यासाठी वापरू नका. तुमचा मुलगा आता या टप्प्याच्या पुढेही आला आहे.

पाय फाकवून, गुडघे मागे ताणून उभा राहत असेल तर घोट्यापर्यंतच्या आधारपट्ट्यांचा विचार व्हावा, पण त्या उभं राहणं जमल्यावर. रांगत्या मुलाला घातल्या तर अडथळाच होतो.

न्यूरॉलॉजिस्ट इथे वेगळंच शोधत असतो. डाउन सिंड्रोमच्या ढिलेपणात गुडघ्यावर हातोडी मारली तर प्रतिक्षेप मंद किंवा नेहमीसारखा येतो. तो जोरकस आला, एकच बाजू कमजोर दिसली, किंवा येत असलेली गोष्ट जाऊ लागली, तर ते डाउन सिंड्रोमच्या नावावर टाकायचं नाही. मानेचा मणका आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या तपासायच्या. रक्तवाहिन्या हळूहळू अरुंद होण्याचा मोयामोया हा आजार या मुलांत जास्त आढळतो. जोरात रडल्यावर काही मिनिटं एक हात लुळा पडून पुन्हा ठीक होणं ही त्याची खूण.

प्रश्न: शाळेनं खेळात घेण्याआधी मानेचा एक्स-रे मागितला आहे. मुलगी सहा वर्षांची, तक्रार काही नाही. काढावा?

उत्तर: तक्रार नसेल तर नेमानं एक्स-रे काढायची शिफारस आता केली जात नाही. मानेच्या पहिल्या आणि दुसऱ्या मणक्यांना धरून ठेवणारा बंध या मुलांत सैल असतो. एक्स-रेत दोन हाडांमधलं अंतर साडेचार मिलिमीटरच्या वर गेलं की "सैल" म्हणतात. असं दिसणाऱ्यांची संख्या १० ते २० टक्के, पण मज्जारज्जूवर प्रत्यक्ष दाब येऊन त्रास होणारे १ ते २ टक्केच. तीन वर्षांच्या आत तर हाडं पुरती बनलेलीच नसतात, त्यामुळे मोजमापावर भरवसा नाही. शिवाय आजचा चांगला एक्स-रे पुढच्या वर्षीची हमी देत नाही. शाळेला एक्स-रेपेक्षा दरवर्षीच्या न्यूरॉलॉजिकल तपासणीचं पत्र द्या.

खुणा लक्षात ठेवा: मान एका बाजूला धरणं, मान दुखणं, चाल बदलणं, हातातली पकड ढिली होणं, नीट येत असलेला लघवी-संडासवरचा ताबा जाणं. यातलं काही दिसलं तर मान सरळ ठेवून एकच एक्स-रे. त्यातच गडबड दिसली तर मान वाकवून पुढचे फोटो काढू नयेत, थेट मणक्याच्या सर्जनकडे जायचं. टॉन्सिलसारख्या कुठल्याही शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांना स्वतःहून आठवण करा. ट्रॅम्पोलिन सहा वर्षांपर्यंत नकोच, पुढेही देखरेखीखाली. कोलांट्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

प्रश्न: बुद्धी वाढवणारी व्हिटॅमिन-अमिनो ॲसिडची पावडर डाउनच्या मुलांसाठी खास बनवलेली मिळते. द्यावी का?

उत्तर: नाही. २००८ साली १५६ बाळांवरची एक चांगली चाचणी प्रसिद्ध झाली. सात महिन्यांच्या आत अँटिऑक्सिडंट आणि फोलिनिक ॲसिड सुरू करून दीड वर्षाच्या वयाला विकास मोजला, फरक शून्य. "मेंदूचं टॉनिक" म्हणून दिल्या जाणाऱ्या पिरासिटॅमच्या २००१ मधल्या चाचणीत आकलन सुधारलं नाही, चिडचिड आणि आक्रमकपणा मात्र वाढला. बी६ जास्त मात्रेत बराच काळ दिलं तर नसांना इजा होते. रक्तात लोह, डी किंवा बी१२ कमी निघालं तर तेवढंच भरून काढावं.

प्रश्न: मुलगा पाच वर्षांचा. एका जागी बसत नाही, लक्ष देत नाही, दुपारी चिडतो. शाळेचं म्हणणं, एडीएचडीचं (अतिचंचलता आणि लक्ष न लागण्याचं) औषध सुरू करा. घोरत नाही.

उत्तर: औषध यादीत शेवटी ठेवा, आधी झोप बघा. झोपेत श्वास अडकणं हे डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत निम्म्याहून अधिक जणांत सापडतं: चेहऱ्याचा मधला भाग लहान, जीभ मागे, घशाचे स्नायू ढिले, टॉन्सिलांची भर. घोरणं नाही म्हणजे अडथळा नाही, असं नसतं. पालकांचं निरीक्षण आणि झोप-तपासणी यांचा मेळ या मुलांत फार कमी बसतो. म्हणून तक्रार असो वा नसो, चार वर्षांच्या आत एकदा पॉलिसोम्नोग्राफी, म्हणजे रात्रभराची झोप-तपासणी, करावी अशी शिफारस आहे. बसून, पुढे वाकून किंवा मान मागे ताणून झोपणं, घामानं उशी भिजणं, सकाळी उठायला त्रास, या खुणा पाहा. मोठ्या माणसाची झोप मोडली की तो पेंगतो. लहान मूल मात्र नाचतं.

टॉन्सिल-ॲडेनॉइड काढल्यावर पालक निश्चिंत होतात, इथेच घोटाळा होतो. बऱ्याच मुलांत अडथळा उरतो, म्हणून शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा हवी. उरला तर सीपॅप, म्हणजे मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारं यंत्र. मास्क पहिल्याच रात्री लावला तर मूल तो कायमचा नाकारतं. आधी काही दिवस दिवसा, हवा बंद ठेवून, खेळताना पाच मिनिटं, मग हवा सुरू करून, मग दुपारच्या झोपेत, असं चढत जायचं. जीभ पुढे ओढणाऱ्या मज्जातंतूला विद्युत उत्तेजन देणारं बसवायचं उपकरण अमेरिकेत २०२३ पासून डाउन सिंड्रोम असलेल्या १३ ते १८ वयोगटासाठी मान्य आहे, तुमच्या मुलाला अजून अवकाश आहे.

बरोबरीनं टीएसएच (थायरॉइडसाठी), फेरिटिन (लोहाच्या साठ्यासाठी) आणि कानांची तपासणी. कानाच्या पडद्यामागे साठलेलं पाणी या वयात फार सामान्य आहे आणि न ऐकणारं मूल हमखास "लक्ष देत नाही" ठरतं. हे सगळं मार्गी लावूनही सहा आठवड्यांनी तक्रार तशीच राहिली, तर एडीएचडीचं औषध हृदयाची तपासणी करून, छोट्या मात्रेत, जरूर द्यावं. "डाउन आहे, औषधाचा काय उपयोग" हेही आम्हाला मान्य नाही.

प्रश्न: नात चार वर्षांची. बोट दाखवत नाही, हाक मारली तर बघत नाही, तासन्‌तास खेळण्याचं चाक फिरवते. ही मुलं तर माणसांत रमणारी असतात ना? सूनबाईंना ऑटिझमची शंका येते, मला पटत नाही.

उत्तर: आजी, सूनबाईंची शंका रास्त आहे. अभ्यासांचा एकत्रित अंदाज पाहिला तर डाउन सिंड्रोमसोबत ऑटिझम असण्याचं प्रमाण १६ टक्क्यांच्या आसपास येतं. या मुलांत बोलणं उशिरा येतं, पण बोट, हावभाव, नक्कल यांनी ती भरपाई करतात, कारण समज ही वाचेच्या पुढे असते. तीच भरपाई नसेल तर ऑटिझमची पूर्ण चाचणी करावी. आधी कान तपासून घ्या. दुहेरी निदान झालं तर शिकवण्याची पद्धत बदलते: नक्कल करून शिकवण्याऐवजी चित्रं, ठरावीक क्रम आणि संवादासाठी चित्रफलक किंवा टॅबलेट. त्यानं बोलणं मागे पडत नाही.

प्रश्न: आमची मुलगी १७ वर्षांची. शाळेत नाचायची, स्वतःचं स्वतः आवरायची. दोन महिन्यांत बोलणंच थांबलं. घास तोंडात धरून बसते, दारात अर्धा अर्धा तास उभी राहते, रात्रभर जागी. एका ठिकाणी "डाउनमध्ये वयानुसार असं होतं", दुसऱ्या ठिकाणी "लवकर आलेला अल्झायमर" सांगितलं.

उत्तर: दोन्ही चूक. सतराव्या वर्षी अल्झायमर येत नाही आणि वयात येणं म्हणजे वाचा जाणं नव्हे.

हे डाउन सिंड्रोम रिग्रेशन डिसऑर्डरचं चित्र दिसतं. २०२२ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटानं त्याचे निकष एकमतानं ठरवले: आधी स्थिर असलेल्या, साधारण १० ते ३० वयोगटातल्या व्यक्तीत बारा आठवड्यांच्या आत वाचा, वागणं, झोप, हालचाल, रोजचं आवरणं अशा अनेक बाजूंनी घसरण. घास धरून ठेवणं आणि दारात थिजणं हे कॅटाटोनियाचं, म्हणजे हालचाल आणि बोलणं गोठून जाण्याच्या स्थितीचं लक्षण आहे. ते मोजायला बुश-फ्रान्सिस ही २३ मुद्द्यांची मापनपट्टी वापरतात. तिच्यावरचे आजचे गुण लिहून ठेवायला सांगा, नाहीतर उपचारानं फरक पडला की नाही यावर पुढे वाद होतात.

तपासण्या एकाच भरतीत उरकाव्यात: मेंदूचा एमआरआय, झोपेसह ईईजी, पाठीतलं पाणी, थायरॉइड व त्याच्या अँटिबॉडी, बी१२, सीलिॲक, कान, डोळे, झोप-तपासणी. दात किडलाय का, मासिक पाळीत दुखतं का, हेही. दुखणं सांगता न येणारं मूल गप्प होतं. आणि एक प्रश्न कुणी विचारत नाही म्हणून आम्ही विचारतो: या आधी शिक्षक बदलले, घरात कुणी गेलं, कुणी तिला त्रास दिला, असं काही घडलं का? निदान काहीही निघो, याचं उत्तर शोधलंच पाहिजे.

कॅटाटोनियासाठी लोराझेपाम देऊन पाहणं ही चाचणीही आहे आणि उपचारही. रुग्णालयात, श्वास आणि ऑक्सिजनवर लक्ष ठेवून, कारण झोपेत श्वास अडकत असेल तर हे औषध तो आणखी दाबतं. काही जणी तासाभरात घास गिळतात, दोन शब्द बोलतात. ते पुरलं नाही, तर ईसीटी, म्हणजे भूल देऊन मेंदूला दिलेलं विद्युत उत्तेजन. मेंदूत दाह किंवा स्वप्रतिकारशक्तीच्या खुणा सापडल्या, तर इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून. ईसीटीच्या नावानं पालक घाबरतात, पण कॅटाटोनियात ती खात्रीच्या उपचारांपैकी आहे. उलट, भ्रम समजून सुरू केलेली मानसविकाराची औषधं कॅटाटोनिया वाढवू शकतात. या मुलांचं स्वतःशी बोलणं हे बहुतेकदा नेहमीचंच असतं, भ्रम नव्हे. ते पूर्वीपासून होतं का, हे डॉक्टरांना सांगा. नाचतानाचा जुना व्हिडिओ सोबत न्या, कारण आधीची मुलगी त्यांनी पाहिलेली नाही.

प्रश्न: ताईचं वय ४६. वस्तू कुठे ठेवल्या विसरते, सकाळी चहाचा कप हातातून उडतो. अल्झायमरची नवी इंजेक्शनं तिला मिळतील का?

उत्तर: अल्झायमरमध्ये साठणारं अमायलॉइड ज्यापासून बनतं, त्याचं जनुक २१ व्या गुणसूत्रावरच आहे. तीन प्रती असल्यानं चाळिशीपर्यंत जवळपास सर्वांच्या मेंदूत ते साठलेलं असतं. लक्षणं सुरू होण्याचं मधलं वय ५३-५४. म्हणून चाळिशीपासून दरवर्षी विचारपूस आणि त्याआधीच, पस्तिशीच्या सुमारास, तिला काय काय येतं याची लेखी नोंद, अशी आमची शिफारस असते. तरीही आधी टीएसएच, बी१२, कान, मोतीबिंदू, झोपेतला श्वास, नैराश्य आणि पाळी जाण्याचा काळ तपासा. यातलं बरंच बरं होतं.

कप उडणं मात्र स्वतंत्रपणे सांगा. सकाळचे असे झटके मायोक्लोनिक फिट (स्नायूंना अचानक क्षणभर बसणारा झटका) असू शकतात, आणि या वयात त्या अल्झायमरबरोबर येतात. ईईजी करावा. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन अशी काही औषधं हे झटके वाढवू शकतात, म्हणून निवड न्यूरॉलॉजिस्टनं करावी. सहसा लेव्हेटिरासिटॅम वापरतात.

लेकानेमॅबसारख्या इंजेक्शनांच्या मुख्य चाचण्यांत डाउन सिंड्रोम असलेले लोक नव्हतेच. त्यांच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीतही अमायलॉइड जास्त साठतं, त्यामुळे सूज आणि रक्तस्रावाची भीती अधिक. चाचणीबाहेर ती देऊ नयेत असं आमचं मत आहे.

प्रश्न: मी बालरोग विभागात निवासी डॉक्टर आहे. बाल-न्यूरॉलॉजी करून विकासात्मक अपंगत्व आणि डाउन सिंड्रोमच्या संशोधनात जायचं आहे. वाट कशी असते? आणि इतकी औषधं उंदरांत चालली, माणसांत एकही का नाही?

उत्तर: पदव्यांची नावं देशागणिक बदलतात, पण पाया तोच: आधी बालरोग, मग न्यूरॉलॉजी. अमेरिकेत बाल-न्यूरॉलॉजीसाठी दोन वर्षं बालरोग आणि तीन वर्षं न्यूरॉलॉजी, त्यातलं एक प्रौढांचं. विकासात्मक अपंगत्वाचा अभ्यासक्रम वेगळा असून तो एकूण सहा वर्षांचा आहे. प्रौढांचं ते वर्ष लोक उरकून टाकतात. डाउन सिंड्रोममध्ये काम करायचं असेल तर ते सगळ्यात उपयोगी पडतं, कारण तुमचे रुग्ण चाळिशीत स्मृतिभ्रंश घेऊन येतील आणि त्यांना घेणारा दवाखाना शोधावा लागेल. शक्य असेल तर तीन महिने झोप-प्रयोगशाळेत आणि महिनाभर ऑडिओलॉजीत काढा.

दवाखान्यातला वेळ कशात जातो, हे आधी पाहून घ्या. नव्या रुग्णाला एक ते दीड तास लागतो. त्यात हातोडी आणि टॉर्चची दहा-पंधरा मिनिटं, उरलेला वेळ इतिहास, शाळेचे अहवाल, व्हिडिओ आणि थेरपिस्टांशी बोलणं. प्रक्रिया कमी, म्हणून उत्पन्नही इतर शाखांपेक्षा कमी. हे कुणी मोकळेपणानं सांगत नाही.

आता उंदीर. बहुतेक औषधं ज्यावर तपासली तो टीएस६५डीएन नावाचा उंदीर १९९० च्या दशकापासून वापरात आहे. त्याच्यात माणसाच्या २१ शी जुळणाऱ्या जनुकांच्या जादा प्रती आहेत, पण २१ शी काहीही संबंध नसलेली काही डझन जनुकंही जादा आहेत. त्याच्यात दिसलेला दोष नेमका कशामुळे, हे त्यामुळे सांगता येत नाही. दुसरं, चेतापेशी कमी बनणं गर्भातच सुरू होतं. वीस वर्षांच्या माणसाला गोळी देऊन फार तर पेशींमधल्या संदेशांचा तोल सुधारेल. मेंदूतला अतिरिक्त लगाम सैल करणारं बास्मिसानिल याच तर्कावर तपासलं गेलं आणि २०१६ मध्ये निष्फळ ठरलं.

तिसरं कारण आम्हाला सर्वांत मोठं वाटतं: मोजपट्टी. प्रमाणित बुद्धिमापन चाचण्यांत यातले बरेच जण तळाला असतात. चाचणी ४० च्या खाली मोजतच नसेल तर औषधानं झालेली थोडी सुधारणा दिसणार कुठून? म्हणून कच्चे गुण घ्या, तळ न लागणाऱ्या कसोट्या निवडा, आणि औषधाआधी तीच कसोटी दोनदा घेऊन सरावानं किती गुण वाढतात ते पाहा. पालकांच्या प्रश्नावलीवर विसंबू नका, साखरेच्या गोळीनंही तिथे गुण चढतात. २०२२ मध्ये सात पुरुषांना सहा महिने ठरावीक अंतरानं जीएनआरएच (मेंदूतलं एक संप्रेरक) देऊन सहा जणांच्या आकलनात सुधारणा दिसली, मोठी बातमी झाली. तुलनेचा गट नव्हता. कल्पना चांगली आहे, पुरावा अजून व्हायचा आहे.

सध्या वेगानं हलणारी दालनं दोन. एक, प्रतिकारशक्ती: इंटरफेरॉन या प्रतिकारशक्तीच्या संदेशवाहकाचा संदेश झेलणाऱ्या ग्राहींच्या सहा जनुकांपैकी चार २१ वर आहेत आणि त्यातून थायरॉइडपासून रिग्रेशनपर्यंत बरंच उलगडेल असं वाटतं. दोन, रक्तातून अल्झायमर ओळखणं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांचा २०१८ साली सुरू झालेला इन्क्लूड प्रकल्प दोन्हींना पैसा देतो आणि त्याचा डेटा बाहेरच्या संशोधकांनाही मागता येतो. प्रयोगशाळा नसलेल्यानं तिथून सुरुवात करावी.

संमतीपत्र दोन करा: एक पालकांचं, एक सहभागी व्यक्तीसाठी चित्रांसह सोप्या भाषेत. तिनं मान हलवून "नको" म्हटलं तर तो दिवस तिथेच संपला, हे नियमावलीत लिहा. भरतीच्या अटींत गेल्या सहा महिन्यांतला टीएसएच, ऑडिओग्राम (ऐकण्याची तपासणी) आणि वर्षभरातली झोप-तपासणी घाला. हे न केल्यानं वाया गेलेल्या चाचण्यांत औषध हरलं की कानातलं पाणी जिंकलं, कळायला मार्ग उरत नाही.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. पॅरिसमध्ये ज्या पेशींत डाउन सिंड्रोममधलं ४७ वं गुणसूत्र पहिल्यांदा दिसलं, त्या वाढवण्याची पद्धत मार्थ गोतिए यांनी बसवली होती. जानेवारी १९५९ च्या शोधनिबंधात पहिलं नाव जेरोम लेजेन यांचं आणि दुसरं त्यांचं, तेही चुकीच्या स्पेलिंगसह. लेखकांचा क्रम पहिला नमुना गोळा करण्याआधी लेखी ठरवून घ्या आणि ईमेल जपून ठेवा.